कल्पित शब्दांचे कुळ

महाभाष्याच्या आरंभी पतंजलीने एक मार्मिक दृष्टान्त दिला आहे. ज्याला घागर हवी असते तो कुंभाराच्या घरी जाऊन ‘मला एक घागर करून दे’ असे सांगतो. परंतु ज्याला बोलावयाचे असते तो काही वैयाकरणाच्या दारी जाऊन ‘मला चार शब्द घडवून दे, वापरावयाचे आहेत’ असे म्हणत नाही. शब्द लोकांत आधीच नांदत असतात. वैयाकरण त्यांचा हिशेब ठेवतो, ते उत्पन्न करीत नाही. शब्द ही कोणा एकाची कृती नसून सर्वांचा वारसा आहे, हा विचार आपल्या परंपरेत इतका मुरलेला आहे की, त्याला अपवाद असू शकेल अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही.

विसाव्या शतकात मात्र एका वैयाकरणाने कुंभाराचे चाक आपल्याच घरात मांडले. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक. १९२५ पासून वीस वर्षे तो प्राचीन इंग्रजीच्या अध्यासनावर होता, आणि पुढे १९५९ पर्यंत इंग्रजी भाषा व वाङ्मय ह्या विषयाच्या अध्यासनावर. ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) ह्या अद्भुतकथांचा कर्ता म्हणून त्याचे नाव आता आपल्याकडील मुलांनाही ठाऊक असते. ह्या कथांत एल्फ नावाचे लोक आहेत. आपल्या यक्षगंधर्वांच्या पंक्तीला त्यांना बसवता येईल. भेद इतकाच की, ते कोणा देवाचे सेवक किंवा गायक नाहीत. राज्ये, युद्धे, स्नेह, शोक हे सारे त्यांना मनुष्यासारखेच आहे. केवळ वार्धक्याने येणारा मृत्यू त्यांच्या वाट्याला नाही. ह्या एल्फांच्या भाषा टॉल्किनने तारुण्यापासून अखेरपर्यंत, सुमारे सहा दशके, घडवल्या. क्वेन्या व सिंदारिन ह्या त्यांतील प्रमुख. कथेसाठी भाषा रचली नसून भाषांना राहावयास जग हवे म्हणून कथा रचल्या, असे तो स्वतः सांगत असे. १९३१ साली दिलेल्या एका व्याख्यानात आपल्या ह्या छंदाला त्याने विनोदाने ‘गुप्त दुर्गुण’ असे नाव दिले.

एका विद्वानाचा छंद म्हणून ही गोष्ट येथेच सोडून देता आली असती. परंतु त्या छंदात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो भाषेचा तितकाच नीतीचाही आहे. जो शब्द कोणी कधी बोललेच नाही, त्याला व्युत्पत्ती असू शकते काय? आणि त्या शब्दाला पूर्वज कल्पून देणे ह्यास निर्मिती म्हणावे, की बनावट कागदपत्र?

प्रथम त्याने नेमके काय केले ते पाहू. कृत्रिम भाषा रचणारे त्याच्यापूर्वीही झाले. झामेनहोफने एस्पेरांतो ही भाषा १८८७ साली लोकांपुढे ठेवली. तिचा हेतू उपयुक्तता हा होता: निरनिराळ्या देशांच्या लोकांना सुलभपणे बोलता यावे म्हणून नियम थोडे, अपवाद मुळीच नाहीत. अशा भाषेला भूतकाळाची गरज नसते. किंबहुना भूतकाळ हीच तिच्या मते अडचण. टॉल्किनची रीत अगदी उलट. त्याने आधी एक आदिभाषा कल्पिली, तिचे धातू ठरवले, आणि मग लोकांच्या स्थलांतराबरोबर ती भाषा कशी फुटत गेली, कोठे कोणता वर्ण झिजला, कोणत्या शब्दाचा अर्थ सरकला, ह्याचे नियम बसवले. १९३७–३८ च्या सुमारास त्याने ह्या धातूंचा एक कोशच तयार केला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९८७ साली, तो प्रसिद्ध झाला. त्यात एकेका धातूखाली निरनिराळ्या एल्फ-भाषांतील त्याची संतती मांडलेली आहे, आपल्या व्युत्पत्तिकोशांत असते तशी.

एक उदाहरण घेतो. बोलणे ह्या अर्थाचा ‘क्वेत्’ असा मूळ धातू. त्यापासून क्वेन्या भाषेत ‘क्वेत्ता’ म्हणजे शब्द; आणि त्याच धातूपासून सिंदारिनमध्ये ‘पेथ’ म्हणजे शब्द. ‘क्व’चा ‘प’ कसा झाला, असे कोणी विचारील. परंतु ज्याने भाषाशास्त्राची पहिली पायरी चढली आहे त्याला येथे ओळखीचा चेहरा दिसतो. चार ह्या संख्येला लॅटिनमध्ये ‘क्वात्तुओर’ म्हणतात आणि वेल्श भाषेत ‘पेद्वार’. संस्कृतातील ‘चतुर्’ आणि आपला ‘चार’ हे त्याच घराण्यातले. मूळचा एकच ध्वनी एका शाखेत ‘क्व’ राहिला, दुसरीत ‘प’ झाला, आपल्या पूर्वजांच्या मुखी ‘च’ झाला. टॉल्किनने हा खरा नियम उचलून आपल्या कल्पित भाषांना लावला. कारण सिंदारिनला वेल्श भाषेचा तोंडवळा द्यावा, आणि क्वेन्याला लॅटिनच्या पायावर फिनिश व ग्रीक ह्यांची छटा द्यावी, असा त्याचा बेत होता. फिनिश भाषेचे व्याकरण विद्यार्थिदशेत कॉलेजच्या ग्रंथालयात हाती लागले तेव्हापासून तो तिच्यावर लुब्ध होता, आणि वेल्श नावे तर लहानपणी कोळशाच्या मालगाड्यांवर रंगवलेली पाहून त्याच्या मनात भरली होती.

आता पूर्वपक्ष मांडू. आपल्या शास्त्रकारांनी शब्दांचे जे चार प्रकार सांगितले त्यांत चौथा यदृच्छाशब्दाचा. ‘डित्थ’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. अशा शब्दामागे जाती नाही, गुण नाही, क्रिया नाही. कोणी तरी स्वेच्छेने एखाद्या वस्तूला ते नाव दिले, एवढेच. पूर्वपक्षी म्हणेल, टॉल्किनचे सारे शब्द म्हणजे एका माणसाचे ‘डित्थ’ होत. त्यांना धातू जोडणे म्हणजे वंध्यापुत्राची वंशावळ लिहिणे. जेथे एल्फच नाहीत तेथे त्यांची भाषा कोठली, आणि जेथे भाषाच नाही तेथे शब्दाचे मूळ ते कसले?

ह्या आक्षेपाचा पहिला भाग निरुत्तर करणारा वाटतो. तथापि थोडा विचार केला म्हणजे तो ढिला पडतो. शशशृंग जगात नाही म्हणून ‘शशशृंग’ हा शब्द निरर्थक ठरत नाही. ससा आपण जाणतो, शिंग जाणतो, आणि दोहोंचा संबंध कळल्यामुळेच तो संबंध खोटा आहे असे म्हणू शकतो. अर्थ हा वस्तूच्या अस्तित्वावर अवलंबून नसून शब्दांच्या परस्परसंबंधांवर बऱ्याच अंशी अवलंबून असतो. टॉल्किनचा कोणताही एक शब्द एकटा घेतला तर तो ‘डित्थ’च, परंतु तो कधी एकटा येत नाही. ‘मिथ’ म्हणजे करडा आणि ‘रान्’ म्हणजे भटकणे हे ठाऊक झाले की ‘मिथ्रांदिर’ ह्या नावात करड्या वस्त्राचा एक यात्रिक आपोआप उभा राहतो. आणि त्याच ‘रान्’ धातूपासून चंद्राला ‘राना’, म्हणजे वाट सोडून हिंडणारा, असे नाव मिळाले आहे हे कळले की आनंद होतो. हा आनंद यदृच्छेचा नव्हे. आप्त ओळखू आल्याचा आहे. यास्काने निरुक्तात एक जुना वाद नोंदला आहे. सर्व नामे धातूंपासूनच निघाली असे शाकटायन म्हणतो. सर्वच नव्हेत असे गार्ग्य म्हणतो. खऱ्या भाषेत गार्ग्याचे म्हणणे सावधपणाचे, म्हणून ग्राह्य. परंतु शाकटायनाचे मत जेथे जवळजवळ संपूर्णपणे खरे ठरावे अशी एक भाषा पृथ्वीवर निघाली, आणि ती कल्पित निघाली, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

ह्या व्युत्पत्ती निव्वळ कोडी नाहीत. त्यांत विचार आहे. एल्फांच्या पुराणकथेप्रमाणे ते प्रथम जागे झाले तेव्हा वर चांदण्यांचे आकाश होते, आणि त्यांच्या मुखातून ‘एले’ असा उद्गार निघाला. त्याचा अर्थ ‘पाहा’. त्या उद्गारापासून ‘एलेन’ म्हणजे तारा हा शब्द झाला. नामाच्या आधी विस्मय आला, वस्तूच्या आधी ती दुसऱ्याला दाखवण्याची ओढ आली, असा भाषेच्या उगमाविषयीचा एक सिद्धान्तच ह्या इवल्याशा शब्दात भरलेला आहे. त्या लोकांनी स्वतःला ‘क्वेन्दी’ म्हटले, म्हणजे वाणीने बोलणारे. कारण बोलणारे दुसरे कोणी त्यांना अजून भेटलेच नव्हते. पुढे मनुष्य भेटला तेव्हा त्याला त्यांनी जी नावे दिली त्यांत ‘मागून आलेले’ असे एक आहे आणि ‘मरणारे’ असे एक आहे. आता ज्यांना मृत्यू ठाऊक नाही त्यांच्याजवळ मरणाचा शब्द कोठून आला? टॉल्किनने ह्याही प्रश्नाला बगल दिली नाही. ‘फिर्’ ह्या धातूचा मूळ अर्थ दीर्घ श्वास बाहेर टाकणे. एका एल्फ स्त्रीने देह ठेवला तेव्हा तो प्रथम त्या अर्थी योजला गेला, आणि नंतर मनुष्याच्या मरणाला लागला. आपणही ‘प्राण सोडला’ म्हणतोच. मृत्यूला नाव देताना कल्पित लोकांनाही श्वासाचाच आश्रय घ्यावा लागला.

पूर्वपक्षाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे, कारण तो नीतीचा आहे. व्युत्पत्ती म्हणजे शब्दाच्या भूतकाळाविषयीचे विधान. जो भूतकाळ घडला नाही तो घडला असे लिहिणे ह्याला जगात खोटेपणा म्हणतात. आणि ह्या जातीचा खोटेपणा काही थोडाथोडका नाही. इंग्रजीत प्रामाणिक ह्या अर्थी ‘सिन्सीअर’ हा शब्द आहे. तो ‘मेणाशिवाय’ ह्या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांपासून निघाला, मूर्तीच्या भेगा मेणाने न बुजवणारा शिल्पी तो प्रामाणिक, अशी सुरस कथा पुष्कळ जण सांगतात. कोशकारांना ती मान्य नाही. प्रामाणिकपणाच्या नावालाच बनावट जन्मपत्रिका चिकटावी हा दैवदुर्विलास! तसेच ‘पॉश’ ह्या शब्दाचे. हिंदुस्थानला येणाऱ्या आगबोटींवर उन्हाच्या विरुद्ध बाजूच्या महागड्या खोल्या घेणाऱ्यांच्या तिकिटांवर चार आद्याक्षरे असत, त्यांचा हा शब्द झाला, असे सांगतात; तशा तिकिटाचा पुरावा मिळालेला नाही. ह्या कथा निरुपद्रवी होत. परंतु परदेशी नगराच्या नावात आपला शब्द ऐकू येतो, एवढ्या आधारावर त्या नगरावर आपल्या पूर्वजांचा झेंडा रोवणारे, किंवा शेजाऱ्याच्या जातीच्या नावाची सोयीस्कर फोड करून त्याला हीन ठरवणारे जेव्हा पुढे येतात, तेव्हा खोट्या व्युत्पत्तीचा दंश कळतो. शब्दाचे खोटे कुळ सांगून माणसाचे खरे कुळ हिरावून घेता येते.

मग टॉल्किनला ह्याच अपराधातून मुक्त कसे करावयाचे? येथे एका नावाची हकिकत उपयोगी पडते. विद्यार्थी असताना त्याला एका प्राचीन इंग्रजी धार्मिक काव्यात ‘एआरेंदेल’ असा शब्द आढळला. प्रभातीचा तेजोमय तारा असा त्याचा भाव. नॉर्स पुराणांतील एका नावाशी त्याचे नाते आहे. त्या ध्वनीने त्याला असे वेडावले की, १९१४ च्या सप्टेंबरात त्याने त्या नावाच्या नाविकावर एक कविता लिहिली, आणि पुढे हे नाव आपल्या पुराणात ‘एआरेंदिल’ म्हणून बसवले. परंतु एल्फांच्या भाषेत प्राचीन इंग्रजी शब्द कसा चालेल? म्हणून त्याने त्याला तेथील घराणे दिले: समुद्र ह्या अर्थाचा एक धातू आणि भक्ती किंवा प्रेम ह्या अर्थाचा दुसरा, मिळून ‘सागरप्रेमी’. कथेत हा नाविक कपाळी तेजस्वी रत्न बांधून आकाशातून नौका हाकतो, आणि पृथ्वीवरून तो प्रभातीचा तारा म्हणून दिसतो. म्हणजे शब्दाचे जुने कुळ बदलले, पण जुना प्रकाश त्याने विझू दिला नाही.

ह्यात महत्त्वाची गोष्ट अशी की, त्याने हे लपवले नाही. १९६७ साली एका वाचकासाठी लिहावयास घेतलेल्या पत्राच्या मसुद्यात दोन्ही वंशावळी तो स्वच्छ मांडतो: हे नाव मला कोठून मिळाले ते हे, आणि कथेच्या आत त्याचे मूळ काय ते हे. ‘मोरिया’ हे नाव एका नॉर्वेजियन परीकथेच्या ध्वनीवरून कानात राहिले होते. कथेत मात्र ते ‘काळोख’ आणि ‘पोकळी’ अशा दोन शब्दांचे बनले आहे. बायबलातील त्याच ध्वनीच्या स्थळाशी त्याचा काही संबंध नाही. ‘रोहान’ हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील एका जुन्या घराण्याचे नाव आहे हे त्याला ठाऊक होते. कथेत ते ‘घोडा’ ह्या शब्दापासून आलेले आहे. कथेबाहेरचे मूळ सांगितल्याने कथेतला अर्थ उलगडत नाही, आणि कथेतल्या मुळाने बाहेरचा इतिहास बदलत नाही, असे त्याचे म्हणणे. बनावट व्युत्पत्ती सांगणारा ह्या दोन खात्यांची सरमिसळ करतो आणि त्यावर आपला व्यापार चालवतो. कवी दोन खाती निराळी ठेवतो. कल्पना आणि असत्य ह्यांतला भेद सामग्रीत नाही, दोहोंची सामग्री एकच. भेद हिशेबात आहे.

परंतु एवढ्याने प्रश्न मिटला असे मानणे घाईचे होईल. कारण खऱ्या भाषेचे कुळही आपण समजतो तितके सोवळे नाही. ‘असुर’ हा शब्द ऋग्वेदात वरुणादी देवांनाही गौरवाने लावलेला आहे. ‘असु’ म्हणजे प्राण, त्यावरून तो आला असे मानतात. पुढच्या लोकांना त्यातला ‘अ’ नकारार्थी वाटला, आणि ‘असुर’ नव्हे तो ‘सुर’ असा देववाचक शब्दच नवा जन्मास आला. ‘विधवा’ हा शब्द त्याहून बोलका. लॅटिनमध्ये त्याची सख्खी बहीण ‘विदुआ’ आहे. ‘वि’ हा तेथे उपसर्गच नाही. परंतु आपल्या पूर्वजांनी ‘वि’ आणि ‘धव’ अशी फोड केली, आणि पती ह्या अर्थी ‘धव’ हा शब्द रूढ झाला. ही फोड एक पर्याय म्हणून यास्कानेही नोंदली आहे. पुढे ‘सधवा’ आली, आणि कित्येक शतके आपल्या समाजातील स्त्रियांचे सारे सौभाग्य-दुर्भाग्य ह्या दोन शब्दांत मोजले गेले. चुकीच्या फोडीतून निघालेला शब्द म्हणून ‘सधवे’च्या कपाळीचे कुंकू खोटे ठरत नाही, की ‘विधवे’चे दुःख हलके होत नाही.

टॉल्किनला हा व्यवहार पुरता ठाऊक होता. म्हणून त्याने आपल्या भाषांत चुकासुद्धा कल्पिल्या. त्याच्या कथेतील राणी ‘गालाद्रिएल’. नावाचा अर्थ तेजस्वी हाराने मंडित अशी कन्या. परंतु सिंदारिनमध्ये वृक्षाला ‘गालाध’ म्हणतात, आणि राणी वनात राहणारी. तेव्हा ज्यांना जुन्या गोष्टींची आठवण पुसट झाली होती ते तिला ‘गालाध्रिएल’ म्हणू लागले, म्हणजे नावात झाड आणून बसवले. ‘विधवे’तून ‘धव’ काढणाऱ्या पूर्वजांचेच हे भाऊबंद. नियम कल्पिणे सोपे आहे. नियमाला विसरणारे लोक कल्पिणे ह्याला भाषेचे खरे ज्ञान लागते.

आणि नेमकी येथेच कल्पित भाषेची मर्यादाही उघडी पडते. ‘धव’ हा शब्द खरा ठरला तो कोणा एकाच्या मर्जीने नव्हे. हजारो मुखांनी त्याला मान्यता दिली म्हणून. ‘गालाध्रिएल’ म्हणणारे हजारो लोक मात्र एकाच माणसाच्या टेबलावर बसलेले होते. तो माणूस आपला विचार बदलू शकत होता, आणि बदलीतही असे. मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटेल असे उदाहरण देतो. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हे एका सर्वनामाने स्पष्ट होते. इंग्रजीत तो नाही. क्वेन्या भाषेत टॉल्किनने तो आणला. भेटीच्या वेळी करावयाच्या एका अभिवादनात ‘आपल्या भेटीच्या’ ह्या अर्थाचा एक शब्द आहे. पहिल्या आवृत्तीत तो ‘ओमेन्तिएल्मो’ असा होता, दुसऱ्या आवृत्तीत ‘ओमेन्तिएल्वो’ झाला, कारण मधल्या काळात कोणता प्रत्यय ‘आपण’चा आणि कोणता ‘आम्ही’चा ह्याविषयी कर्त्याचा निर्णय बदलला होता. कोणा महाराष्ट्रीय वैयाकरणाने उद्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांची अदलाबदल जाहीर केली तर भाजीवालीसुद्धा त्याला हसेल. त्या हसण्यातच मराठीचे प्रामाण्य आहे. कल्पित भाषेला नियम असतात, इतिहास देता येतो, सौंदर्य तर असतेच. परंतु तिच्या कर्त्याला हसणारे कोणी नसते.

ह्या एकाकीपणाची जाणीव टॉल्किनला नव्हती असे मला वाटत नाही. त्याच्या उतारवयातील, १९६८ च्या सुमाराच्या, एका लिखाणात एका ध्वनीची गोष्ट आहे. इंग्रजी ‘थिन’ शब्दाच्या आरंभी जिभेचे टोक दातांशी नेऊन काढलेला जो ध्वनी आहे, तो पूर्वी क्वेन्या भाषेत होता. कालांतराने नोल्दोर नावाच्या एल्फकुळात त्याचा ‘स’ झाला. भाषांच्या इतिहासात असे वर्णविकार नित्य घडतात; त्यांत कोणाला राग येत नाही आणि कोणी रडत नाही. परंतु त्या कुळातील फेआनोर नावाच्या राजपुत्राची आई त्याच्या लहानपणीच देह ठेवून गेली होती, आणि शिवणकामातील कौशल्यावरून तिला मिळालेल्या नावाच्या आरंभी हाच ध्वनी होता. बापाने दुसरा विवाह केला. लोक ‘स’ म्हणू लागले, नवी राणीही म्हणू लागली. फेआनोरने ते कधीच मान्य केले नाही. ‘स’ म्हणणे म्हणजे माझ्या आईचे नाव पुसणे, असा त्याचा ग्रह झाला, आणि त्या ग्रहाने भावाभावांतले वैर वाढवले. ज्या बदलाला भाषाशास्त्र नुसता नियमाचा क्रमांक देते त्याच्या आड एखाद्या मुलाचा शोक असू शकेल, हे सांगावयास कल्पित भाषाच लागली. आणि त्या शोकातला हट्टही तिने लपवला नाही.

शब्दांचे कुळ शोधणे म्हणजे काय, ह्याचे उत्तर मला येथे मिळते. राजवाड्यांनी गावांच्या नावांवरून महाराष्ट्राच्या वसाहतीचा इतिहास शोधू पाहिला. शब्दांत जो भूतकाळ निजला होता त्याला त्यांनी हाक मारली. टॉल्किनने शब्दांना भूतकाळ निर्माण करून दिला. दिशा विरुद्ध, पण श्रद्धा एकच: शब्द हा आजच्या दिवसापुरता नाही. त्याच्या दोन शब्दांनी ही गोष्ट मी संपवतो. ‘अमदिर’ आणि ‘एस्तेल’ असे आशेचे दोन प्रकार एल्फ मानतात. पहिल्याचा शब्दार्थ ‘वर पाहणे’. ढग विरळ होताना दिसतात म्हणून पाऊस थांबेल असे वाटणे, ही ती आशा. दुसरी ‘स्थिर राहणे’ ह्या अर्थाच्या धातूवरून आलेली. आपल्या ‘स्था’शी तिचे नाते जोडण्याचा मोह आवरावा, हीच ती दोन खाती. ह्या दुसऱ्या आशेला बाहेरचा पुरावा लागत नाही. पुरावा विरुद्ध गेला तरी ती ढळत नाही. आपण ‘आशा’ म्हणतो तेव्हा ह्यांपैकी कोणती आपल्या मनात असते, असे कोणी विचारल्यास पुष्कळांना थांबून विचार करावा लागेल. कोणी न बोललेल्या भाषेने बोलणाऱ्यांना असे थांबवावे, हे तिचे सार्थक होय.

परंतु त्या भाषेला हे साधावे म्हणून एका माणसाला सारे स्मरण एकट्याने वाहावे लागले. साठ वर्षे एकेका शब्दाची आई, आजी, पणजी लक्षात ठेवावी लागली. आपणांस तो भार वाहावा लागत नाही, कारण तो सर्वांत वाटलेला आहे. ‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ ह्यापासून झिजत झिजत आला. ‘मातृ’तला तकार केव्हाच गेला, ‘गृह’ ओळखू येईनासे झाले, आणि ह्या झिजेबद्दल कोणा फेआनोरने शस्त्र उपसले नाही. सासरी निघालेल्या मुलीला ती व्युत्पत्ती माहीत नसते. तरी ती ‘माहेर’ म्हणते तेव्हा त्या शब्दात आई असते; आणि ती तेथे कोण्या कोशकाराने ठेवलेली नसून, पिढ्यानुपिढ्या तो शब्द उच्चारणाऱ्या मुलींनीच ठेवलेली आहे.